प्रसूतीनंतर तातडीने गर्भाशय काढले: जीव वाचला, पण मनाचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नॉर्मल डिलिव्हरीत ५०० मिलिलिटर रक्त जाण्याची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर गेले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला तरी लगेच उपचार सुरू करावेत, असे त्यात सांगितले आहे. यामुळे गर्भाशय काढण्याची वेळ कमी स्त्रियांवर यावी. पण ज्यांच्यावर ती आली, त्यांच्या मनाकडे कोण पाहणार?

हा निर्णय का घेतात?

औषधे, फुगा, टाके घालूनही रक्त थांबत नाही, गर्भाशय फाटते, किंवा आधीच्या सिझेरियनच्या व्रणात वार रुतून बसते, तेव्हा जीव वाचवण्याचा हा शेवटचा उपाय असतो. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यापासून 'पिशवी काढली' म्हटले की लोकांना संशय येतो. तो प्रश्न गंभीरच आहे, पण वेगळा आहे.

तिच्या मनात काय चालते?

ती डिलिव्हरीसाठी गेली आणि शुद्धीवर आली तेव्हा गर्भाशय नव्हते. सही नवऱ्याने केलेली. भिवंडीतून गुंतागुंतीच्या केसेस अनेकदा ठाण्याला किंवा कळव्याला हलवतात. मग आई तिकडे आणि बाळ घरी, असेही होते. भेटायला येणारे म्हणतात, "जीव वाचला ना, मग रडतेस कशाला?" पहिली मुलगी असेल तर टोमणे वेगळेच. बाळ दगावले असेल तर दुःख दुप्पट.

हे गैरसमज सोडा

- अंडाशये शाबूत असतील तर पाळी थांबली तरी लगेच रजोनिवृत्ती येत नाही.
- गर्भाशय नसल्यामुळे दूध आटत नाही. मात्र खूप रक्त गेल्यावर दूध उशिरा येऊ शकते. अजिबात येत नसेल तर डॉक्टरांना सांगा.
- जखम भरल्यावर, तपासणीनंतर शरीरसंबंध ठेवता येतात.

घरच्यांनी काय करावे?

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. काही आठवड्यांनी दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन त्या रात्री नेमके काय झाले ते समजून घ्या. माझा अनुभव असा की, 'माझेच काहीतरी चुकले' हे ओझे यामुळे बरेच हलके होते. तिला रडू द्या, बोलू द्या.

उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तोच प्रसंग सारखा डोळ्यांसमोर आला, बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना, तर उपचार हवेत. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर तिला एकटे सोडू नका. लगेच रुग्णालयात न्या.

आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात. ताप आणि बाळाचे वजन पाहताना "झोप लागते का? मनात काय येते?" हेही विचारले गेले पाहिजे. त्यांनी नाही विचारले, तर तुम्ही विचारा.