दातांचे बिल आणि रुग्णाचा हक्क

भिवंडी तालुक्यातील अंजूरसारख्या गावातील एखाद्या शिक्षकाचे वा कारकुनाचे सलग तीन दात गेले, तर उपचारासाठी त्याला भिवंडी किंवा ठाणे गाठावे लागते. जबड्याच्या हाडात दोन कृत्रिम मुळे, म्हणजे इम्प्लांट, बसवून त्यांवर तीन दातांचा ब्रिज उभारावा, असा सल्ला तेथे मिळतो. काम काही महिने चालते, खर्चही मोठा असतो. पण हाती येणाऱ्या बिलावर पुष्कळदा एकच ओळ असते: ‘इम्प्लांट ब्रिज’ आणि पुढे एकूण रक्कम.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या संकेतावलीत याच कामाच्या साधारणतः सात नोंदी होतात. हाडात बसविलेली दोन मुळे (संकेत डी ६०१०), त्यांवरचे दोन जोडभाग म्हणजे अबटमेंट, त्यांवरील दोन कॅप आणि मधला आधाराविना राहणारा दात. शिवाय अबटमेंटवर बसणारी कॅप आणि थेट इम्प्लांटवर स्क्रूने बसणारी कॅप यांचे संकेत निराळे आहेत. हा भेद निरर्थक नव्हे. जो भाग बसविलाच नाही, त्याचे पैसे लावता येऊ नयेत, हे त्यातून साधते.

संकेतांमुळे उपचार स्वस्त होतात, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील दंतोपचार महागच आहेत, आणि तेथील संकेतांचा मुख्य उपयोग विम्याच्या दाव्यांसाठी होतो. संकेत दर ठरवीत नाही. काय केले, एवढेच तो सांगतो. परंतु तेवढेही सामान्य रुग्णाच्या दृष्टीने थोडे नाही.

आपल्याकडे खासगी दंतोपचाराच्या बिलांसाठी अशी बंधनकारक पद्धत नाही. वस्तू व सेवा करात वैद्यकीय व दंतसेवांना मिळून ९९९३१२ हा एकच संकेत आहे. रुग्णालयांनी दरपत्रक लावावे, अशी तरतूद महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत केली. पण खाटा नसलेले दवाखाने त्या चौकटीबाहेर राहतात. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. आरोग्यविम्याचा भरही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने, खुर्चीत बसून घेतलेल्या उपचाराचा खर्च बहुतेकांना पदरमोड करूनच भागवावा लागतो. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण येथे उलट्या अर्थाने खरी ठरते: चणे विकल्यावाचून दात मिळत नाहीत.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. काही वर्षांनी स्क्रू सैल झाला, आणि मूळ डॉक्टर गाव सोडून गेलेले असले, तर नव्या दंतवैद्याला इम्प्लांटची कंपनी व माप ठाऊक हवे. एका बनावटीचे भाग दुसऱ्या बनावटीस सहसा चालत नाहीत. बिलात ही माहिती नसेल, तर चांगले मूळही निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. शिक्षण व व्यवसाय यांना नवी शिस्त लावताना हिशेबाची शिस्तही लावावयास हवी. प्रत्येक भागाची संख्या, बनावट, माप, धातू व किंमत नमूद करणारा एकपानी मराठी तक्ता उपचारापूर्वीच रुग्णाच्या हाती पडावा. प्रामाणिक दंतवैद्यास त्याचा जाच होण्याचे कारण नाही. आणि नियम होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. असा तक्ता मागण्यास रुग्णाला आजही कोणी अडविलेले नाही.