बोंडअळी आणि आयपीएस

आमच्या यवतमाळात बीटी कापूस आला तेव्हा वाटलं, बोंडअळीचं टेन्शन मिटलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. गुलाबी बोंडअळीने तेही पचवलं आणि २०१७ च्या हंगामात बोंडं पोखरली.

आयपीएसचंही (म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी अडवणारं यंत्र, पोलीस नव्हे!) तसंच. डबा आणला, दिवे लुकलुकले, झालं! पण आतले नियम कालच्या चोरांचे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं ठिगळ दिलं. मे महिन्यात त्याच भोकातून वॉनाक्राय पसरला, आणि जूनमध्ये नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतलं मर्स्कचं टर्मिनल ठप्प केलं. (हा चोरलेले पासवर्डही वापरायचा, तिथे नुसते नियम अपुरेच. असो.)

ज्या जुन्या मशीनला ठिगळ लावता येत नाही, तिला ताज्या नियमांचाच आधार. म्हणून माझं मत, पतसंस्थांनी यंत्र साधं घ्यावं, पण नियमांची वार्षिक वर्गणी चुकवू नये. होतं उलटंच. यंत्राच्या पूजेचे फोटो निघतात, नूतनीकरणाची फाईल टेबलावर पडून राहते. आणि हो, नवे नियम उतरले तरी बरेचसे 'फक्त नोंद करा'वर असतात, अडवत काहीच नाहीत. तेवढं तुमच्या ऑफिसात विचारून बघाच.