‘शाळा’ची उलटतपासणी

‘कादंबरी वाचलीय ना? मग सिनेमा पाहूच नका.’ मराठी घरांत हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की देणाऱ्यानं स्वतः सिनेमा पाहिलाय का, हे विचारायचं राहूनच जातं. मागच्या पावसाळ्यात नवी मुंबईतल्या शिरवण्यात आमच्या घरी चार मंडळी जमली होती. ताटात कांदाभजी आणि टीव्हीवर सुजय डहाके यांचा ‘शाळा’. भजी संपायच्या आत सिनेमावर तीन आरोप ठेवून झाले; चौथा भजी संपल्यावर आला. ते प्रामाणिकपणे मांडतो आणि मग उत्तर देतो.

पहिला आरोप बेइमानीचा. मिलिंद बोकील यांची २००४ची कादंबरी नववीतल्या मुकुंद जोशीनं स्वतः सांगितली आहे. तिचा सगळा जीव त्याच्या मनातल्या अखंड बडबडीत. सिनेमात ती बडबड बरीचशी गेली. मग उरलं काय?

उरलं ते ऐकू येतं. वर्गातली मुलं मुलींना आडनावानं ओळखतात. कादंबरीत ‘शिरोडकर’ हा शब्द पानोपानी भेटतो आणि तिसऱ्या पानानंतर डोळ्यांना त्याची सवय होते. पडद्यावर तोच शब्द जोशीच्या तोंडून येतो तेव्हा त्यात हजेरीपटाचा कोरडेपणा असतो आणि काळजाची धडधडही. चारचौघांत उच्चारता येईल असं प्रेमाचं नाव त्या पोराकडे दुसरं नाहीच. कादंबरीनं पानभर सांगितलं असतं ते जोशी झालेल्या अंशुमन जोशीचा चेहरा आणि शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरची वळलेली मान सांगून जातात. रूपांतरानं मूळ ग्रंथाची नक्कल करून दाखवावी, ही अपेक्षाच चुकीची. अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेला ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचा मान मिळाला. पण पुरस्काराचा दाखला देऊन वाद जिंकायचा नाही मला. कान उघडे ठेवून सिनेमा पुन्हा पाहा, एवढंच म्हणतो.

दुसरा आरोप जास्त वजनाचा. आणीबाणी इथे भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी टांगून ठेवलीय. लेखणीवर बंधनं, माणसं तुरुंगात, आणि सिनेमा मात्र पोरांच्या ‘लाइन’मध्ये गुंतलेला.

पण २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ चौदा वर्षांच्या पोराला कसा दिसला असेल? अग्रलेखांतून नव्हे. मोठी माणसं बोलता बोलता आवाज उतरवतात, त्या उतरलेल्या आवाजातून. शिवाय शाळेत तर ती राजवट आधीपासूनच नांदत होती. घंटा, रांग, छडी, मुख्याध्यापकांचं बोलावणं. तेव्हा देशाला शिस्तीचे डोस पाजले जात होते. नववीतल्या पोराला त्यात नवीन ते काय? त्याच्या वाट्याला मोकळी जागा एकच, अर्धवट बांधलेली, बिनदारांची ती इमारत. चौघं मित्र तिथे बसून हवं ते बोलतात. काळ नेपथ्यात टांगलेला नाही, तो या दोन जागांमधल्या अंतरात आहे. निषेधाची दोन भाषणं घातली असती तर आक्षेपकांचं समाधान झालं असतं; सिनेमा पोराच्या हातून निसटला असता.

तिसरा आरोप स्मरणरंजनाचा. पन्नाशीतल्या लोकांना गोड हुरहुर लावायचा धंदा. हे निम्मं मान्य. ‘ते दिवस’ विकायची दुकानं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या दुकानात शेवटी हातात पेढा ठेवतात. ‘शाळा’त शिरोडकर गाव सोडून निघून जाते आणि जोशीपुढे उरते दहावी. ज्याला हे गोड लागलं, त्यानं सिनेमा नाही, स्वतःचा जुना अल्बम पाहिला.

चौथा आरोप शेजारच्या काकांचा. ते शिरवणे गावठाणातले, आगरी, १९७५ साली स्वतः नववीत. भजी संपेपर्यंत ते गप्पच होते. मग म्हणाले, ‘छान आहे. पण हे पांढरपेशांचं पंचाहत्तर. आमचं कुठंय?’

याचं खंडन मी करणार नाही. फक्त पत्ता बदलून देईन. जोशीची गोष्ट सगळ्यांना लागू पडते ती सगळ्यांची म्हणून नव्हे, एका पोराची काटेकोर गोष्ट म्हणून. तिच्यात शिरवणं कोंबलं असतं तर दोन्ही बिघडलं असतं. तक्रार खरी आहे. तिचं उत्तर मात्र दुसरी कादंबरी आणि दुसरा सिनेमा.

आणि त्याला लागणारा ऐवज इथे पायाखाली आहे. १९७० साली सिडको हे नगरविकासाचं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. १९७३मध्ये खाडीवर पूल आला. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी यांवर जगणाऱ्या घरांत त्या वर्षांत मुलं वयात येत होती. १९७५ला नववीत असलेला पोरगा जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात या जमिनींसाठीच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच आंदोलक हुतात्मा झाले, तेव्हा जेमतेम तेविशीचा. पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचं धोरण आलं. तोवर त्याचं बालपण कधीच संपलं होतं. ते नेमकं कधी संपलं, हाच त्या सिनेमाचा विषय.

मी काकांना विचारलं, ‘पहिलं दृश्य काय घ्याल?’

त्यांनी फार विचार केला नाही. बापाला वाचता येत नव्हतं. घरात शिकलेला हा एकटाच. भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा चुलीपुढे बसून ती त्यानंच मोठ्यानं वाचली. गटनंबर, क्षेत्र, मुदत. मराठीच्या तासाला वाचायचा तशी, स्पष्ट, विरामचिन्हं सांभाळून. वाचून झाल्यावर बापानं विचारलं, ‘बरोबर वाचलंस ना?’

‘बरोबर वाचलं होतं,’ काका म्हणाले. ‘शाळेत पहिला नंबर होता माझा वाचनात.’