सभासदांची यादी आणि नको असलेली ई-पत्रे

सुर्ल्यासारख्या गावातील धान्याच्या पेढीचा ई-मेल पत्ता परमुलखातील जाहिरातदारास कोण देतो, असा प्रश्न सभासद बंधू वारंवार विचारतात. आमच्या मते तो पुष्कळदा आपणच देतो.

या उपद्रवाचा आरंभ १९७८ सालचा. अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे लोकांस न मागता विक्रीचे पत्र धाडले; त्यांचे पत्ते एका छापील यादीतून उतरवून घेतले होते. आता हे काम यंत्रे करतात. आंतरजालावरील पाने ती रात्रंदिवस चाळतात आणि ‘ॲट’चे चिन्ह दिसताच त्याच्या दोहों बाजूंची अक्षरे टिपतात. चोरीचे पत्ते तर घाऊक भावाने विकले जातात. ‘बिगबास्केट’ या किराणा पेढीच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती अशी बाहेर गेल्याचे २०२० साली उघडकीस आले.

आपल्या स्मरणिकेच्या अखेरीस सभासदांची यादी असते व ती असावीच. मात्र तिची प्रत आंतरजालावर ठेवताना ई-मेलचा रकाना वगळावा, अशी कार्यकारी मंडळास आमची आग्रहाची सूचना आहे. त्यायोगे नवे गिऱ्हाईक हुकेल असे काहींचे म्हणणे. परंतु तांदूळ-डाळीचा सौदा ठरतो तो दूरध्वनीवर!

जाहिरातींचा त्रास एक वेळ सोसवेल. पण बेळगावच्या आडत्याच्या नावाने, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे पत्र आले तर? नाव, धंदा व पत्ता एकाच ओळीत मिळाल्यावर ठगास असे पत्र रचणे सोपे जाते. आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर आडत्यास विचारल्यावाचून एक पैही पाठवू नये. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

व्यवहाराचा पत्ता निराळा आणि सवलतींच्या नोंदणीचा निराळा ठेवावा. अनोळखी पत्राखालील ‘यादीतून नाव काढा’ या दुव्यास हात लावू नये. पत्ता चालू आहे एवढेच त्यातून पाठविणाऱ्यास कळते. संवत्सरीस शंभर जणांस क्षमापनेचे पत्र धाडताना सर्वांचे पत्ते सर्वांस दिसतात, तेही टाळावे. ‘बीसीसी’चा रकाना त्यासाठीच आहे. १९०९ वर नोंद केल्यास ही पत्रे थांबतील, असा कित्येकांचा समज आहे. ती सोय दूरध्वनी व लघुसंदेश यांपुरतीच आहे.