हार गुंफणाऱ्या हातांचा हिशेब

2025 च्या जुलै महिन्यात कृत्रिम फुलांवर बंदी घालण्याचे आश्वासन राज्याच्या फलोत्पादन मंत्र्यांनी विधानसभेत दिले, आणि फूलउत्पादक शेतकऱ्यांच्या एका जुन्या तक्रारीला शासनदरबारी दाद मिळाली. ऐन सणासुदीत झेंडूचे भाव कोसळावेत, तोडणीची मजुरी आणि टेंपोचे भाडेही सुटू नये, आणि त्याच बाजारात शेजारच्या दुकानांतून प्लास्टिकच्या माळा वर्षानुवर्षे धुऊन पुसून टांगलेल्या दिसाव्यात, हे दृश्य शेतकऱ्याच्या जिव्हारी लागणारे होते. 1 जुलै 2022 पासून केंद्र शासनाने एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली त्या यादीत फुग्याची काडी आहे, आइस्क्रीमची काडी आहे, सजावटीचे थर्मोकोल आहे. प्लास्टिकचे फूल मात्र तीत नाही. ही त्रुटी दूर होणार असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि या सर्व चर्चेत दोनच पक्ष मोजले गेले. एक फूल पिकविणारा शेतकरी आणि दुसरा पर्यावरण. शेतातले फूल देव्हाऱ्यापर्यंत, लग्नमंडपापर्यंत, सभेच्या व्यासपीठापर्यंत आणि तिरडीपर्यंत पोहोचते ते ज्यांच्या हातांतून, त्या कामगारांचा उल्लेख ना सभागृहात झाला, ना वृत्तपत्रांत. वास्तविक खरे फूल आणि खोटे फूल यांतला सर्वांत मोठा फरक हाच आहे की, खऱ्या फुलाला रोज नव्याने माणसाचा हात लागतो. महाराष्ट्रात रोजगार हमी आणि फलोत्पादन ही दोन्ही खाती सध्या एकाच मंत्र्याकडे आहेत. तरीही फूलधंद्यातल्या रोजगाराची हमी हा विषय त्या खात्यांच्या कोणत्याच फायलीत दिसत नाही, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मुंबईत दादर स्थानकाच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर पहाट होण्यापूर्वीच जो बाजार भरतो, तो पाहिल्यावाचून या धंद्याची कल्पना येणार नाही. वसई-विरारकडची माणसे चाफा, मोगरा, तगर घेऊन पहिल्या गाड्यांनी उतरतात. पुणे, सातारा, नाशिककडून झेंडू, शेवंती, निशिगंध, अष्टर यांचे टेंपो रात्रीच येऊन उभे राहतात. मावळातल्या हरितगृहांतला डच गुलाब आणि जरबेरा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, गड्ड्या बांधून येतो. कै. मीनाताई ठाकरे यांच्या नावाची मंडई आत, आणि तिच्याहून मोठा पसारा बाहेर पदपथावर. भाव घटकेघटकेला बदलतो, कारण हा माल उद्यापर्यंत थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, साखर गोदामात ठेवता येते. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलली की तिचा बाजार संपला. नाशवंतपणाचा हा धोका अडत्या सोसत नाही, त्याची आडत आधीच कापलेली असते. मोठा दुकानदारही तो फारसा सोसत नाही. धोका खाली खाली सरकत अखेर दोन टोकांना जाऊन बसतो, शेतकऱ्याकडे आणि हार करणाऱ्या मजुराकडे.

या मजुराचे काम बहुधा उक्ते असते. हार नगावर, गजरा नगावर, तोरण हातावर मोजून. माल कमी आला, पाऊस झाला, पितृपक्ष लागला की मजुरी आपोआप बंद. आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री, गणपतीच्या दिवसांत, मार्गशीर्षातल्या गुरुवारी किंवा लग्नाच्या दाट तिथीला त्याने सलग वीस-वीस तास बसायचे. त्या जादा तासांना जादा दर नाही. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत रोज सकाळी दाराला अडकवलेली फुलपुडी सर्वांच्या परिचयाची आहे. ती बांधणारी बाई पहाटे कितीला उठते आणि ती पोचविणारा मुलगा कोणत्या शाळेत जातो, हे फारच थोड्या घरांनी कधी विचारले असेल.

पुष्पगुच्छाच्या दुकानातले काम वरकरणी अधिक सुखाचे भासते. काचेचे दार, थंड हवा, रंगीत कागद. पण या कामातले कौशल्य आणि या कामातले कष्ट, दोन्हीही काचेच्या मागे लपलेले असतात. गुलाबाची गड्डी आली की प्रत्येक दांडीची खालची पाने आणि काटे काढायचे. टोक तिरपे छाटून दांडी ताबडतोब पाण्यात ठेवायची, नाहीतर दांडीत हवा शिरून मान दुपारपर्यंत खाली पडते. कळीवरची जाळी कधी काढायची हे ठरवायचे, कारण लवकर काढली तर पाकळ्या सुटतात आणि उशिरा काढली तर फूल गुदमरते. जरबेऱ्याची दांडी मऊ असते, तिला नळी किंवा तार जोडून उभे करायचे. कोणते फूल कोणत्या फुलाशेजारी टिकते, मंडपाच्या उष्णतेत किती तास तग धरते, हे जाणणारा कारागीर पाचसहा वर्षांत तयार होतो. त्याच्या हाताला दिवसभर पाणी, काटे, तारा आणि चिरडलेल्या देठांचा चीक. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा हे या धंद्याचे ओळखपत्रच म्हणावे लागेल, कारण दुसरे ओळखपत्र त्याला कोणी दिलेले नाही. फुले खोचण्याचा जो हिरवा स्पंज दुकानात वापरला जातो तोही प्लास्टिकच्याच जातीचा. तो कापताना उडणारी पूड श्वासावाटे आत जाते. कृत्रिम फुलांवर बंदी मागणाऱ्यांनी या हिरव्या विटेकडेही एकदा पाहायला हवे.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फूल हे खाण्याचे पीक नव्हे, म्हणून त्यावर फवारलेल्या विषाच्या अवशेषांना मर्यादा नाही. भाजीवर, धान्यावर किती अवशेष चालतील याचे कोष्टक अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे, फुलांसाठी तसे कोष्टक नाही. ही पोकळी केवळ भारतात नाही, युरोपातही आहे. बेल्जियममध्ये वीस फूलविक्रेत्यांना काम करताना सुती हातमोजे घालायला देऊन ते तपासण्यात आले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हातमोज्यांवर शंभराहून अधिक प्रकारची कीटकनाशके व बुरशीनाशके आढळली. फ्रान्समध्ये एका फूलविक्रेतीच्या मुलीच्या रक्ताच्या कर्करोगाचा संबंध आईने गरोदरपणी केलेल्या या कामाशी असल्याचे 2023 मध्ये तेथील भरपाई निधीने मान्य केले. तोवर त्या घरातली मुलगी हयात नव्हती. युरोपातल्या विक्रेत्याला निदान हातमोजा मिळाला, निदान तपासणी झाली, निदान भरपाईचा निधी होता. दादरच्या पदपथावर मांडी घालून गजरा करणारी बाई तोच दोरा दाताने तोडते.

या कामगाराच्या बाजूने कायदा काय बोलतो? 1948 चा दुकाने व आस्थापना कायदा दोन माणसांच्या दुकानालाही लागू होता. त्याची अंमलबजावणी जशी व्हायची तशी होत असे, पण साप्ताहिक सुटी, कामाचे तास, रजा यांचा हक्क तरी कागदावर होता. 2017 च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने त्यातून वगळली. त्यांच्या मालकाने केवळ सूचना द्यायची, बाकी बंधन नाही. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने हा दहाचा आकडा वीसवर नेण्यास मान्यता दिली. फुलांच्या ज्या दुकानात वीस माणसे कामाला आहेत असे दुकान राज्यात शोधूनच काढावे लागेल. जुलैमध्ये फुलाला संरक्षणाचे आश्वासन आणि सप्टेंबरमध्ये फुलवाल्याच्या नोकराचे उरलेसुरले संरक्षण काढून घेण्याचा निर्णय, हे एकाच सरकारने अवघ्या दोन महिन्यांत केले. व्यवसायसुलभता या गोंडस नावाखाली हे झाले आहे. किमान वेतनाचा नियम लागू आहे असे उत्तर कामगार खाते देईल. पण हजेरीपट नाही, नेमणूकपत्र नाही आणि मजुरी नगावर, अशा ठिकाणी किमान वेतन मागायचे कोणी आणि सिद्ध करायचे कशाने?

बसून माल विकणाऱ्याची स्थिती निराळ्या तऱ्हेने बिकट आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. मुसळधार पावसामुळे आडोशाला थांबलेल्या त्या गर्दीत फुलांचा भारा पडला, ‘फूल पडले’ हे शब्द ‘पूल पडला’ असे ऐकू गेले आणि लोंढा उसळला, अशी हकीकत त्यातून वाचलेल्यांकडून सांगण्यात आली. तिच्यातला नेमका भाग किती हे बाजूला ठेवले तरी दादरच्या बाजारातून सणाचा माल डोक्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून जाण्यावाचून लहान विक्रेत्यापुढे दुसरा मार्ग नव्हता आणि आजही नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. पूल अरुंद होता, गाड्या अपुऱ्या होत्या, नियोजन नव्हते. नंतर मात्र कारवाईचा बडगा उगारला गेला तो स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांवर. स्थानकापासून 150 मीटरच्या आत बसता येणार नाही, हे न्यायालयाच्या आदेशाने पक्के झाले. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्याने ज्या पर्यायी जागा द्यायच्या होत्या त्या कोठे आहेत, हे तितक्या तत्परतेने कोणी विचारले नाही.

मार्च 2020 च्या टाळेबंदीने या धंद्याचा कणाच मोडला. देवळे बंद, लग्ने बंद, बाजार बंद. राज्यातील प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, 2021 च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. देऊळ उघडा म्हणून आंदोलने करणाऱ्यांना देवळाच्या पायरीवरची हारवाली आठवली होती, असे त्यांच्या भाषणांवरून म्हणता येईल. तिच्यासाठी त्यांनी नंतर काय केले हे मात्र त्यांनाच ठाऊक.

पुरोगामी वर्तुळात या विषयाकडे पाहण्याची एक जुनी अढी आहे. हारतुरे म्हणजे उधळपट्टी, सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावे, असा तो विचार. 2017 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानेही पंतप्रधानांच्या स्वागताला पुष्पगुच्छ देऊ नयेत अशी सूचना काढली. या विचारामागचा साधेपणाचा आग्रह चांगलाच आहे. क्रेनला टांगलेला अगडबंब हार पुढाऱ्याच्या गळ्याऐवजी गाडीवर चढवायचा आणि यंत्राच्या फावड्याने पाकळ्यांचा वर्षाव करायचा, ही अलीकडची तऱ्हा तर किळसवाणीच आहे. परंतु राग फुलावर काढून उपयोग नाही. एका गजऱ्याने, एका फुलपुडीने कोणाचे दिवाळे निघत नाही आणि त्यावर कोणाची तरी चूल पेटते. ज्या महाराष्ट्रात पेशव्यांना फुले पुरविणाऱ्या एका कुटुंबाचे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले हेच नाव झाले, आणि त्या नावाच्या माणसाने 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहून काबाडकष्ट करणाऱ्याच्या लुटीचा हिशेब मांडला, त्या महाराष्ट्राने तरी फुलाला केवळ चैनीची वस्तू समजू नये.

हॉलंडमधील आल्समेर या गावी फूलउत्पादकांनी 1911-12 च्या सुमारास एकत्र येऊन सहकारी लिलाव सुरू केले. तेथे घड्याळाच्या तबकडीवर भाव वरून खाली उतरतो, जो आधी कळ दाबेल त्याचा माल. आज जगातील सर्वांत मोठा फूलबाजार असलेली ती संस्था अजूनही उत्पादकांच्या सहकारी मालकीची आहे. तिच्याही मर्यादा आहेत; केनियातील नैवाशा सरोवराकाठी गुलाब तोडणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचे घड्याळ त्या सभागृहात नाही. पण साखरेत आणि दुधात सहकार उभा करणाऱ्या महाराष्ट्राला फुलांत ते जमू नये याचे कारण कोणी देऊ शकलेले नाही. हरितगृहांना आणि शीतगृहांना अनुदाने देण्यात आली, निर्यातीसाठी तळेगावला औद्योगिक महामंडळाने खास उद्यान उभारले. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात मावळचा गुलाब विमानात बसतो तेव्हा छायाचित्रे छापून येतात. त्या गुलाबाची प्रतवारी उभ्याने करणाऱ्या बायकांच्या पाळणाघराला मात्र कोणाचेच अनुदान पोहोचलेले नाही.

उपाय नवा शोधायचा नाही, या राज्याने तो पूर्वी केलेला आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने मालक रोज बदलत असलेल्या हमालाला मंडळामार्फत नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळवून दिला. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून ओळख दिली. घरखेप कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा 1996 चा ठराव भारताने अद्याप स्वीकारलेला नसला तरी राज्याला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. दादर आणि पुण्याच्या गुलटेकडीपासून आरंभ करून फूलबाजारातील हमाल, हारकरी, गजरे करणाऱ्या स्त्रिया आणि पुष्पगुच्छ बांधणारे कारागीर यांची नोंदणी करणारे एक मंडळ स्थापन करावे. त्याचा निधी बाजारातील उलाढालीवर अल्पसा उपकर बसवून जमवावा, तो अडत्याने आणि मोठ्या खरेदीदाराने भरावा. मजुरीचे नगावरचे दर दरवर्षी श्रावणापूर्वी मंडळाने जाहीर करावेत. हातमोजे आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी हा त्या नोंदणीचाच भाग असावा. दहा-वीसच्या आकड्याची अट या धंद्याला लागू नसावी.

कृत्रिम फुलांच्या बंदीचा आदेश निघेल तेव्हा त्याच्या मसुद्यात यासाठी दोन कलमे घालता येतील. त्यासाठी फूलउत्पादकांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात या कामगारांची मागणी आपली म्हणून जोडावी. विधानसभेत बंदीसाठी सह्या करणाऱ्या आमदारांकडे पुढच्या अधिवेशनापूर्वी हे मागणीपत्र पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचविणाऱ्यांत शेतकऱ्याच्या बरोबरीने दादरच्या पदपथावरची गजरेवालीही असली पाहिजे.