कपाटाची किल्ली कुणाकडं आहे?

दोन वर्षांपूर्वी मी सीमाभागातल्या मराठी शाळांवर एम.ए.चा लघुप्रबंध लिहीत होते. याच विषयावर तीसेक वर्षांपूर्वी एकानं पीएच.डी. केल्याचं आमच्या सरांकडून कळलं. तो प्रबंध एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. पहाटेची एसटी धरून गेले. ओळखपत्र, विभागप्रमुखांचं पत्र, अर्ज, पावती, सगळं झालं. मग काउंटरवरच्या मामांनी कपाट उघडलं, काळ्या बांधणीचा जाडजूड प्रबंध समोर ठेवला आणि म्हणाले, "इथंच बसून वाचायचं. झेरॉक्स नाही. मोबाईल बाहेर ठेव."

"मामा, चारशे पानं आहेत."

"मग उद्या पण ये की पोरी."

तीन दिवस गेले. दोनशेपानी वही भरली. त्या प्रबंधात आमच्याच पंचक्रोशीतल्या एका शाळेच्या हस्तलिखित मासिकातले उतारे होते, १९५७ सालचे. राज्यं बदलली त्याच्या पुढच्या वर्षी सातवीतल्या पोरांनी काय लिहिलं होतं ते.

गावी आल्यावर मूळ मासिक बघायला त्या शाळेत गेले. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात शाळेच्या कचेरीत पाणी शिरलं होतं. रजिस्टरं, मासिकं, फोटो, सगळ्याचा लगदा झाला. शिपायानं तो फावड्यानं ओढून बाहेर टाकला, असं त्यानंच सांगितलं.

म्हणजे त्या पोरांचं लिखाण आता दोनच ठिकाणी उरलंय. एक त्या कपाटात आणि दुसरं माझ्या वहीत, माझ्या गिचमिड अक्षरात. कपाटाची किल्ली एका माणसाकडं, आणि तो माणूस दीड ते अडीच जेवायला जातो.

मित्रांनो, राग मला त्या मामांचा नाही. त्यांनी नियम पाळला. राग आहे तो नियम करणाऱ्यांचा, आणि तो नियम मुकाट्यानं पाळणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

आपण मागण्या कसल्या करतो बघा. पाट्या मराठीत द्या, उतारे मराठीत द्या, परिपत्रकं मराठीत द्या. बरोबरच आहे, हक्काचं आहे. पण जे मराठीत आधीच लिहून झालंय, छापून झालंय, विद्यापीठानं पदवी देऊन कपाटात ठेवलंय, ते मागायला आपण कधी गेलो? ते उघडायला ना कुठलं न्यायालय लागतं, ना विधानसभेचा ठराव. ग्रंथपालाची तयारी आणि कुलगुरूंची एक सही, एवढ्यावर काम आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या जवळच्या प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सीमाभागाच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठीच्या कागदांचं खुलं डिजिटल भांडार उभं करावं. लॉगिन नको, वर्गणी नको, पत्र नको. खानापूरच्या पोरानं मोबाईलवर उघडावं आणि वाचावं. आणि हे ते करत नसतील तर त्यांच्या दारात आपण उभं राहावं.

भांडार म्हणजे वेबसाईटवर चार पीडीएफ टाकणं नव्हे. प्रत्येक वस्तूची नीट नोंद लागते: कुणी लिहिलं, कधी, कुठं, कुठल्या भाषेत, मूळ प्रत कुणाकडं. प्रत्येकाला कायमचा पत्ता लागतो, म्हणजे वेबसाईट बदलली तरी दुवा मरत नाही. आतला मजकूर शोधता यावा लागतो. आणि त्याच्या प्रती एकापेक्षा जास्त ठिकाणी लागतात. यातलं काही नवीन नाही. डीस्पेस नावाची प्रणाली अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयानं एचपी कंपनीबरोबर बनवून २००२ साली मोकळी केली. फुकट मिळते, जगभरची विद्यापीठं वापरतात. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं ईप्रिंट्स या तसल्याच मोफत प्रणालीवर आपलं भांडार सुरू केलं. म्हणजे वाट मळलेली आहे, वीस वर्षांहून जास्त झाली.

आता कुणीतरी म्हणेल, शोधगंगा आहे की. आहे, आणि चांगली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेल्या त्या भांडारात देशभरातले काही लाख प्रबंध आहेत. २००९च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं म्हणून ते झालं. पण त्याआधीचे प्रबंध कुणी मुद्दाम स्कॅन केले तरच तिथं येणार. आणि एम.ए.चे लघुप्रबंध, शाळांची मासिकं, संमेलनांच्या स्मरणिका, वाचनालयांचे वार्षिक अहवाल, मोर्चाची पत्रकं? ती शोधगंगेच्या कामातच बसत नाहीत. आपला इतिहास तर नेमका याच कागदांत आहे.

एक उदाहरण घ्या. मराठी साहित्य संमेलन १९२८ला ग्वाल्हेरला भरलं, १९२९ला बेळगावला, १९३०ला गोव्यात, १९३१ला हैदराबादला, १९३४ला बडोद्याला, १९३५ला इंदूरला. आज ज्याला आपण 'बाहेरचं' म्हणतो तिथं मराठी माणूस तेव्हा यजमान होता. पुढं १९४६च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. या सहा गावांतल्या सभांमध्ये कोण काय बोललं, कुणी कुणाला विरोध केला, हे ग्वाल्हेरच्या एखाद्या पोरीला एका जागी बसून वाचायचं असेल तर तिनं किती एसट्या आणि किती रेल्वे बदलायच्या?

आता आक्षेपांकडं येते. मी हे बोलायला लागले की चार वाक्यं ठरलेली ऐकू येतात.

पहिलं: "खुलं केलं की चोरी होईल." उलट आहे. चोरी होते ती कपाटातल्या प्रबंधाची. २०१८च्या यूजीसी नियमांनंतर प्रत्येक प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. ते सॉफ्टवेअर ताडून बघतं ते त्याच्या आवाक्यातल्या डिजिटल मजकुराशी. कपाटातल्या कागदाशी ते काय ताडणार? ज्याला उचलायचं आहे त्याच्यासाठी कुलूपबंद प्रबंध ही सोन्याची खाण आहे. उघड्यावर असलेला प्रबंध उचलला तर दुसऱ्या दिवशी सापडतो.

दुसरं: "कॉपीराइटचं काय?" नीट विचारायचा प्रश्न आहे, पण तो ढाल म्हणून वापरला जातो. आपल्या १९५७च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. लेखकाचं नाव नसलेल्या पत्रकाला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे १९५६चं निनावी पत्रक केव्हाच मोकळं झालंय. २०१२च्या दुरुस्तीनं तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या कागदी प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिलीय. दाखवायची केव्हा ते नंतर ठरवा, स्कॅन तर आज करा! पुराचं पाणी कॉपीराइट संपायची वाट बघत नाही.

आणि प्रबंधांचं म्हणाल तर हक्क सहसा लिहिणाऱ्याचाच असतो. त्याला विचारायचं. मी विचारलं. त्या काळ्या बांधणीच्या प्रबंधाचे लेखक निवृत्त शिक्षक आहेत, आमच्यापासून दोन तासांवर राहतात. मी वही दाखवली तेव्हा बराच वेळ त्यांनी पानं उलटली. "हे कुणी वाचलं असेल असं वाटलंच नव्हतं," म्हणाले. नेटवर टाकायला परवानगी द्याल का, विचारलं. "टाक की. कोण नको म्हणतंय? इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." एका कागदावर सही करून दिली. चहा होईपर्यंत काम झालं.

तिसरं: "आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं आहे." काय आहे? तिरका काढलेला फोटो, दाबून दाबून पुसट झालेला, खाली तारीख नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही, पुढचं पान नाही. फोन बदलला की तेही गेलं. आणि सरकारी मोठ्या कामांवरही डोळे झाकून विसंबू नका. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मराठीसह अनेक भाषांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली होती. पुढं ते संकेतस्थळच बंद पडलं. आज त्यातली पुस्तकं सापडतात ती स्वयंसेवकांनी वेळीच प्रती काढून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या म्हणून. एकाच जागी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, मग ती कपाटात असो नाहीतर सर्व्हरवर.

चौथं वाक्य आपल्याच ज्येष्ठांचं, म्हणून जास्त लागतं: "लढा सोडून स्कॅनिंग करत बसायचं काय?" काका, लढा तरी कशावर चाललाय? २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत, लोकांची इच्छा, ही चार तत्त्वं आपण जन्मापासून ऐकत आलो. खेड्याची भाषा कुठली होती हे सांगणार कोण? शाळेचं दाखल्याचं रजिस्टर, पंचायतीचं इतिवृत्त, वाचनालयाची वर्गणीदारांची यादी. ते ओलं होऊन लगदा झालं तर घोषणा कितीही मोठ्यानं द्या, पुरावा म्हणून ती चालत नाही.

आणि दावा उद्या निकाली निघाला, कुठल्याही बाजूनं निघाला, तरी आपल्या आज्ज्यानं काय वाचलं, आज्जी कुठल्या शाळेत गेली, हे जाणून घ्यायचा आपला हक्क संपत नाही. सीमा कुठूनही गेली तरी कागद एकच आहे.

आता थोडं आपल्या घरातलं. माझा स्वतःचा लघुप्रबंध कुठं आहे? विभागात एक बांधलेली प्रत, घरी एक आणि एक पेनड्राइव्ह. डीटीपीवाल्या दादानं तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाईप केला. पीडीएफ दिसायला सुंदर, पण त्यातलं वाक्य उचलून दुसरीकडं चिकटवलं की कसलीतरी चिन्हं उमटतात. संगणकाच्या लेखी त्यात 'शाळा' हा शब्द एकदाही नाही! मराठीतले कितीतरी प्रबंध असेच आहेत: नेटवर असूनही न सापडणारे. दुसऱ्याच्या कपाटाला शिव्या देताना मी माझंच कपाट बंद ठेवलं होतं, हे कबूल केलेलं बरं.

सापडण्याची आणखी एक गंमत आहे. आपल्या शहराचं नाव जुन्या कागदांत बेळगाव, बेळगांव, इंग्रजीत बेलगाम, २०१४नंतर सरकारी नोंदीत बेळगावी. नोंद करणाऱ्यानं एकच नाव घातलं तर बाकी तिन्ही नावांनी शोधणारा रिकाम्या हातानं परतणार. कुठलं नाव खरं यावर आपण पिढ्यान्पिढ्या भांडू, पण भांडाराच्या नोंदीत सगळी नावं घाला, कन्नड लिपीतलंसुद्धा. याच जिल्ह्यातल्या कन्नड पोरालाही हे कागद सापडले पाहिजेत. त्याच्या आज्ज्याचं नाव याच मराठी शाळेच्या रजिस्टरात असायची शक्यता आहे. आणि कन्नडवाल्यांकडून एक शिकाच: त्यांच्याकडं स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर मोकळी केली आहेत. सरकारची वाट बघितली नाही.

मग मागायचं काय? कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, बेळगावचं राणी चन्नम्मा, गोवा विद्यापीठ, बडोद्याचं सयाजीराव, इंदूरचं देवी अहिल्या, ग्वाल्हेरचं जीवाजी, हैदराबादचं उस्मानिया, प्रत्येकाच्या ग्रंथपालांपुढं चार गोष्टी ठेवूया.

एक, २००९च्या आधीच्या मराठी प्रबंधांची यादी जाहीर करा. दोन, हयात लेखकांना परवानगीपत्र पाठवा. पत्ते शोधायचं काम आम्ही करतो. तीन, नवा लघुप्रबंध युनिकोडमध्येच घ्या आणि विद्यार्थ्याची संमती जमा करतानाच घ्या. चार, गावोगावच्या वाचनालयांना आणि शाळांना स्कॅनर वापरू द्या. कागद त्यांचेच राहू देत, प्रत भांडारात जाऊ दे.

आणि तुम्ही? या रविवारी घरातली ट्रंक उघडा. जे सापडेल ते सपाट ठेवून, ३०० डीपीआयवर, पानं न गाळता स्कॅन करा. सोबत एका कागदावर लिहा: काय, केव्हाचं, कुणाचं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी अक्षरं ओळखतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुकतं, त्या चुका हातानं सुधारा. मूळ कागद फेकू नका. वाळवी आणि ओल यांपासून उंचावर ठेवा.

त्या शिक्षकांच्या सहीचा कागद जोडून मी विद्यापीठाकडं अर्ज दिलाय. आठ महिने झाले, उत्तर नाही. दरम्यान माझा लघुप्रबंध युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून झाला, एकशे चाळीस पानं. वहीतले १९५७चे उतारेही उतरवून घेतले, तीन ठिकाणी ठेवले. पुढच्या सोमवारी परत त्या काउंटरवर जाणार आहे. या वेळी एकटी जायचा विचार नाही. कोण येतंय?