नालेसफाईची दुसरी फेरी

दिवाळीनंतर छत्र्या माळ्यावर टाकाव्यात आणि बंगालच्या उपसागराने आपले अस्तित्व जाणवून द्यावे, हे आता नवे नाही. 30 नोव्हेंबर 2024 रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकले आणि त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरले. नोव्हेंबर 2021 च्या अवकाळीने उत्तर कर्नाटकातील कापूस-मिरचीची माती केली. ईशान्य मोसमी पावसाचा हंगामच मुळी ऑक्टोबर ते डिसेंबर. पण आपली महापालिका जूनचाच पावसाळा ओळखते!

हुबळीत उणकल तलावाचा नाला भर वस्तीतून वाहतो. त्यात प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा साचलेला असेल, तर तासाभराची जोरदार सरही पाणी घरांत घुसवायला पुरते. पलीकडे नवलगुंदच्या काळ्या रानात बेण्णीहळ्ळ ओढा फुगतो. ती माती एकदा भिजून फुगली की पाणी फारसे मुरत नाही, रब्बीचा हरभरा डोळ्यांदेखत कुजतो.

दसऱ्यानंतर नालेसफाईची दुसरी फेरी व्हायलाच हवी. नाताळच्या सुट्टीत नियंत्रण कक्षातला फोन कोण उचलणार, हेही पालिकेने आधीच जाहीर करावे.